स्कॅनर मेलेला नाही!

विद्यार्थी मित्रहो, संगणकाची कार्यप्रणाली नवी केली आणि दुसऱ्याच दिवशी शाळेतला स्कॅनर मुका झाला, असे तुमच्याकडे घडले असेल. लगेच कोणीतरी म्हणतो, "जुनाच होता, टाका भंगारात!" जरा थांबा. त्याचा दिवा, मोटर, काच सारे शाबूत आहे.

कार्यप्रणालीला प्रत्येक यंत्राची भाषा येत नाही. मध्ये दुभाषी लागतो, तोच ड्रायव्हर. तो जुन्या प्रणालीच्या नियमांनुसार लिहिलेला असतो. नियम बदलले की त्याचे बोलणे खुंटते. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा हेच घडले. तिच्या ६४ बिटांच्या आवृत्तीत ३२ बिटांचे ड्रायव्हर चालत नव्हते. शिवाय प्रणालीच्या गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरवर अंकीय सही सक्तीची होती. ही सक्ती मला गैर वाटत नाही. गाभ्यात शिरलेला सदोष ड्रायव्हर सारा संगणक बंद पाडू शकतो.

माझी तक्रार निराळी आहे. जुन्या यंत्रासाठी नवा ड्रायव्हर लिहिणे उत्पादकाला परवडत नसेल, तर त्याने लिहू नये. पण त्या यंत्राशी बोलायचे कसे, ही माहिती तरी खुली करावी! लिनक्सवर पुष्कळ जुने स्कॅनर आजही चालतात. त्यांतल्या काहींचे ड्रायव्हर हौशी मंडळींनी तारेतून जाणारे संदेश तपासून, अक्षरशः कोडे सोडवावे तसे लिहिले आहेत. इतका खटाटोप त्यांना का पडावा?

तुम्ही मात्र प्रणाली बदलण्याआधी प्रत्येक यंत्राचा मॉडेल क्रमांक वहीत टिपा आणि त्याचा नवा ड्रायव्हर मिळतो का ते पाहा. न मिळाल्यास एखादा जुना संगणक, इंटरनेटला न जोडता, त्या स्कॅनरसाठी राखून ठेवा.