आपली नोंद आपल्या हाती





यंदाच्या स्मरणिकेच्या तयारीसाठी संपादक मंडळाने संस्थेचे जुने कपाट उघडले. त्यात फ्लॉपींचा एक डबा, काही सीडी, ध्वनिफितींनी भरलेली एक पिशवी आणि सर्वांत खाली पूर्वीच्या स्मरणिकांच्या छापील प्रती होत्या. सिंगापूरच्या दमट हवेने ध्वनिफितींवर बुरशी धरली होती. फ्लॉपी वाचणारे यंत्र महत्प्रयासाने मिळाले, तेव्हा त्यांतील निम्म्या उघडल्याच नाहीत. ज्या उघडल्या त्यांतील मराठी मजकूर पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या रूपाने अवतरला, कारण तो ज्या फाँटमध्ये जुळवला होता तो फाँट आता कोणाकडेच नव्हता. छापील स्मरणिका मात्र पिवळ्या पडल्या असूनही अथपासून इतिपर्यंत वाचता आल्या.

या प्रसंगावर सभासदांत झालेली चर्चा मोठी बोलकी होती. एक बंधू म्हणाले, “आता सर्व काही क्लाउडवर असते, काळजी कशाला?” दुसरे म्हणाले, “आजकाल गुप्त असे काही उरलेलेच नाही, मग लपवायचे तरी काय?” तिसऱ्यांचे मत असे की, संगणक हा तरुण मुलांचा विषय आहे, आपण जयंती, वर्षावास आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरे करावेत. ही तीनही मते आपल्या घराघरांतून ऐकू येतात आणि ती मांडणारी माणसे समाजाविषयी मनापासून कळकळ असलेली आहेत. तथापि ही तीनही मते आपल्याला परवडणारी नाहीत, असे आम्हांस वाटते. आपल्या समाजाचा अर्धा इतिहास नोंदी हरवल्याचा आहे आणि उरलेला अर्धा इतिहास दुसऱ्याने आपल्याविषयी केलेल्या नोंदींचा आहे.

प्रथम हरवण्याविषयी. ६ डिसेंबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते कित्येक वर्षे न्यायालयीन ताब्यात पेट्यांमध्ये पडून राहिली. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तो १९७९ साली. कै. वसंत मून यांच्यासारख्या निष्ठावंत संपादकाने आयुष्याची उमेद त्या कामात घातली म्हणून ते विचारधन आपल्या हाती आले. तरीही प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती यांवरील बाबासाहेबांचा ग्रंथ आपल्याला अपुराच वाचावा लागतो. पुढे या खंडांची छपाई रखडली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. एकच प्रत, एकच जागा आणि एकच रखवालदार, अशी व्यवस्था असली की विचार त्या रखवालदाराच्या मर्जीवर जगतो. क्लाउड हीदेखील अखेर दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीतील यंत्रेच होत. ती कोणाची आहेत, भाडे थांबले तर काय होईल आणि किल्ली कोणाकडे आहे, हे प्रश्न आपण विचारलेच पाहिजेत.

तथागतांच्या शासनाला जतनाची ही विद्या प्राचीन काळापासून अवगत आहे. शतकानुशतके भिक्खूसंघाने तिपिटक मुखोद्गत ठेवले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ आणि युद्धाने पठण करणारे भिक्खूच नाहीसे होण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा अलुविहार येथे ते ताडपत्रांवर लिहून काढण्यात आले, अशी परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशच्या मिंडोन राजाने मंडाले येथे तेच तिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरविले. आणि १९९० च्या दशकात आपल्या नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छठ्ठ संगायनाचे तिपिटक सीडीवर आणले. आजच्या बहुतेक नव्या संगणकांत सीडीसाठी जागाही नसते, परंतु ते तिपिटक नष्ट झाले नाही, कारण तेथून ते पुढच्या साधनावर, अनेक लिप्यांत नेण्यात आले. कंठ, ताडपत्र, शिला, सीडी ही सारी साधने बदलत गेली. त्या त्या काळात कोणीतरी वेळेवर नवी प्रत केली, एवढेच त्यामागचे रहस्य आहे.

आता दुसऱ्याने केलेल्या नोंदींकडे वळू. आमच्या पिढीतील अनेकांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर घरात बुद्धवंदना होत असतानाही ‘हिंदू महार’ असे शब्द होते. ते गुरुजींच्या लेखणीतून आले, की सवलत जाईल या भीतीने वडिलांनीच लिहविले, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला फार उशिरा आले. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या केवळ अडीच हजारांच्या आसपास होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मक्रांती झाली आणि १९६१ च्या जनगणनेत हीच संख्या सुमारे २८ लाखांवर गेली. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ हा एक शब्द लिहिणाऱ्या त्या लाखो हातांनी केवढी किंमत मोजली! केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती त्यांच्यापासून दुरावल्या. त्या १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हाच परत मिळाल्या. चौतीस वर्षे एका रकान्याने आपल्या मुलांचे प्रवेश आणि नोकऱ्या अडवून धरल्या. संगणकाचे राजकारण म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आम्ही हेच उदाहरण देऊ. यंत्र रकाना भरते, परंतु रकाना कोणी आखला आणि कशासाठी आखला हा प्रश्न माणसांचा आहे.

आपण ज्या भूमीत राहतो तेथेही हाच धडा मिळतो. सिंगापूरच्या ओळखपत्रावर वंशाचा रकाना असतो. १९८९ पासून एचडीबीच्या वसाहतींत प्रत्येक इमारतीत आणि परिसरात कोणत्या वंशाची किती कुटुंबे असावीत याची मर्यादा ठरलेली आहे. घर विकताना त्या मर्यादेचा त्रास झालेले लोक आपल्यातही असतील. परंतु त्या नोंदीचा हेतू वेगवेगळ्या समाजांनी एकाच जिन्यावर राहावे हा आहे. ज्या समाजाची वस्ती शेकडो वर्षे गावकुसाबाहेर ठेवली गेली, त्याला या हेतूचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणजे नोंद ही स्वभावतः वाईट नव्हे. ती कोणत्या कारणासाठी घेतली आणि त्याच कारणासाठी वापरली जाते काय, यावर सारे अवलंबून आहे.

हे ‘त्याच कारणासाठी’ किती नाजूक असते, हे ट्रेसटुगेदरच्या वेळी दिसले. महामारीत संपर्कातील व्यक्ती शोधण्यासाठी २०२० साली ती योजना सुरू झाली. गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांनाही ती माहिती मिळू शकते, हे जानेवारी २०२१ मध्ये संसदेत स्पष्ट झाले. लोकांत नाराजी पसरली आणि पुढच्याच महिन्यात कायदा करून तो वापर गंभीर गुन्ह्यांच्या सात प्रकारांपुरता मर्यादित करण्यात आला. लोकांनी प्रश्न विचारले आणि शासनाला उत्तर द्यावे लागले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

“लपवायचे काय?” असे विचारणाऱ्या बंधूंना एक वैद्यकीय व्यावसायिक म्हणून दोन घटनांची आठवण करून द्यावीशी वाटते. २०१८ च्या जून-जुलैमध्ये सिंगहेल्थच्या संगणकांतून सुमारे १५ लाख रुग्णांची वैयक्तिक माहिती चोरीस गेली. त्यांतील सुमारे १ लाख ६० हजार जणांच्या औषधांच्या नोंदीही गेल्या आणि त्यांत तत्कालीन पंतप्रधानांचाही समावेश होता. जानेवारी २०१९ मध्ये उघडकीस आलेली घटना अधिक क्लेशकारक होती. एचआयव्ही नोंदवहीतील १४,२०० व्यक्तींची माहिती बाहेर फुटली. ती नोंदवही पाहण्याचा अधिकृत अधिकार असलेल्या व्यक्तीकडून माहितीची गैरहाताळणी झाली असावी, असे आरोग्य मंत्रालयाने तेव्हा सांगितले. म्हणजे कुलूप मजबूत असून भागत नाही. किल्ली ज्याच्या हाती आहे त्याचे शीलही तितकेच मजबूत लागते.

एचआयव्ही या तीन अक्षरांनी शेजारी तोंड फिरवतो, नोकरी जाते, ठरलेले लग्न मोडते. रुग्णाने कोणताही अपराध केलेला नसतो. वाचकहो, जन्माने चिकटलेल्या एका शब्दामुळे नेमके हेच भोगलेला समाज आपल्याखेरीज दुसरा कोणता? परदेशी आल्यावरही “तुमचे आडनाव काय? गाव कोणते?” या साध्या प्रश्नांमागचा खरा प्रश्न आपल्याला ऐकू येतो. म्हणूनच गुप्ततेला श्रीमंतांची हौस समजण्याची चूक आपण करू नये. दुर्बलाच्या अंगावरचे ते पांघरूण आहे.

आणि आता आपल्याच घरातील गोष्ट. फ्लॉपीवर जी एक यादी वाचता आली ती आपल्या वधू-वर सूचीची होती. तीत नाव, जन्मतारीख, शिक्षण, पगार, घरचा पत्ता, दूरध्वनी, ओळखपत्राचा क्रमांक आणि ‘पूर्वीची पोटजात’ असे रकाने होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या सूचीत हा शेवटचा रकाना पाहून मान खाली गेली. चौकशी केली तेव्हा कळले की, तो रकाना कोणी मुद्दाम ठरविला नव्हता. पूर्वीचा एक कागदी नमुना संगणकावर जसाच्या तसा उतरविला गेला आणि पुढे दरवर्षी त्याच नमुन्याची नक्कल होत राहिली. रकाना आहे म्हणून लोक भरत राहिले आणि लोक भरतात म्हणून रकाना राहिला. कार्यकारिणीत यावर वाद झाला. “पालक विचारतातच, मग नोंद ठेवली तर काय बिघडले?” असे काहींचे म्हणणे होते. आमचे उत्तर असे की, पालकांनी विचारणे ही त्यांची दुर्बलता आहे. संस्थेने त्या प्रश्नाचे उत्तर छापून तयार ठेवणे हे बाबासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचे काम नव्हे.

यावर एक आक्षेप येईल. भारतात जातीनिहाय जनगणनेची मागणी करायची आणि येथे जातीचा रकाना पुसायचा, ही विसंगती नव्हे काय? तशी ती नाही. १९३१ नंतर देशात सर्व जातींची गणना झाली नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतील जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. आगामी जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. वंचितांचा वाटा मागायचा तर त्यांची संख्या माहीत हवी आणि ती मागणी न्याय्यच आहे. परंतु न्यायासाठी संख्या पुरते, प्रत्येकाचे नाव चव्हाट्यावर मांडावे लागत नाही. वधू-वर सूचीत मात्र नावाला जात चिकटते आणि ती निवड करण्यासाठी, म्हणजेच वगळण्यासाठी वापरली जाते. रोगाची साथ मोजणे वेगळे आणि रुग्णाच्या दारावर पाटी लावणे वेगळे.

या विचाराने संपादक मंडळाने कार्यकारिणीपुढे काही सूचना ठेवल्या आहेत. पोटजातीचा रकाना कायमचा रद्द करावा आणि जुन्या याद्यांतून तो पुसून टाकावा. ओळखपत्राचा क्रमांक विचारू नये. तो सरसकट मागण्यावर १ सप्टेंबर २०१९ पासून या देशात निर्बंध आहेतच. सभासदांच्या माहितीची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीकडे असावी आणि सभासदत्व सोडलेल्यांची माहिती ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावी. याउलट जे सर्वांचे आहे ते मुक्तहस्ते जतन करावे. सर्व स्मरणिका युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित कराव्यात. आज मराठीचा कोणताही संगणक युनिकोड वाचतो. प्रत्येक मजकुराच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी, त्यांपैकी एक भारतात असावी. येथील राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत्येक प्रकाशनाच्या दोन प्रती देण्याचा नियम आहे, तो आपण आनंदाने पाळावा. आणि आपल्या ज्येष्ठांच्या आठवणी, त्यांच्या संमतीने, या वर्षातच ध्वनिमुद्रित कराव्यात; त्या अजून कोणत्याही यंत्रात नाहीत.

तरुण मित्रांना एक विनंती. तुम्ही या विद्येत आमच्याहून कितीतरी पुढे आहात. आज यंत्रे प्रश्नांची उत्तरे देऊ लागली आहेत आणि त्यांना जे वाचायला मिळाले त्याच्याच आधारे ती बोलतात. आपण लिहिले नाही, लिहिलेले वाचण्याजोग्या रूपात ठेवले नाही, तर आपल्याविषयी इतरांनी लिहिलेलेच आपल्या नातवंडांना उत्तर म्हणून मिळेल. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, कारण आपली बाजू मांडणारे पत्र तेव्हा आपल्या हाती नव्हते. ती निकड आजही कायम आहे.

कपाटातील त्या ध्वनिफितींपैकी एक साफ करून ऐकता आली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या एका जुन्या कार्यक्रमात एक आजी ओव्या गात होत्या. आवाज खरखरीत होता, शब्द मात्र स्पष्ट होते. त्या आजींचे नाव फितीवर कोणीच लिहून ठेवलेले नाही. वाचकांपैकी कोणाला तो आवाज ओळखता आला तर त्यांनी कृपया आम्हांला कळवावे.

नमो बुद्धाय! जय भीम!