विजोडांची लग्ने

कथेतील पात्रांची लग्ने लावण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद इंग्रजी वाचकवर्गात आज हिरिरीने चालू आहे. एखाद्या कादंबरीवर लुब्ध झालेले वाचक तीतील पात्रे उचलतात, मूळ लेखकाने ज्यांना एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे केले नाही अशा दोघांची जोडी जुळवतात आणि त्यांच्या प्रणयाची कथा स्वतः रचतात. कित्येकदा हे काम दोघे मिळून करतात. एकाने नायकाचे बोलणे-वागणे लिहायचे, दुसऱ्याने नायिकेचे, आणि आळीपाळीने कथा पुढे न्यायची. या खेळाला ‘रोलप्ले’ असे नाव आहे. सोवळ्या रसिकांना यात मूळ कृतीचा विटाळ दिसतो. खेळणाऱ्यांना वाचकाचे स्वातंत्र्य दिसते. आमचे भांडण दोघांशीही आहे. परंतु पहिल्यांशी ते थोडक्यात आटोपण्याजोगे आहे.

वाचकाने पात्रांवर हक्क सांगणे हे काही नवे पाप नव्हे. शाहीर विठ्ठल उमप यांनी रंगमंचावर गाजविलेले ‘जांभूळ आख्यान’ ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे सांगावयास नको. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी अभिलाषा उठते, ही त्या आख्यानातील कल्पना. ज्याने भरसभेत तिची विटंबना केली तोच तो कर्ण! याहून विजोड जोडी कोणती? तरीही लोकपरंपरेने ती कल्पिली, आणि त्यामुळे महाभारताचे काही बिघडले नाही. परंतु तेथे कर्ण द्रौपदीला मिळत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तिच्या मनातले तेवढे बाहेर येते. आड आलेल्या भिंती जागच्या जागी राहतात. म्हणूनच ते ऐकताना जीव गलबलतो.

आमचा मुद्दा हाच आहे. विजोड जोडीचे सारे मोल तिच्या विजोडपणात असते. दोघांमधील अडसर एकदा पुसून टाकला की उरतात ती दोन नावे. पात्रे केव्हाच निघून गेलेली असतात.

वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ ही कादंबरी १८१९ च्या अखेरीस निघाली. नायकाच्या जखमांवर उपचार करणारी ज्यू तरुणी रिबेका वाचकांच्या मनात भरली. पण नायकाचे लग्न झाले ते कुलीन रोवीनाशी. वाचक रुसले. तेव्हा त्या काळच्या पूर्वग्रहांमुळे असा विवाह जवळजवळ अशक्यच होता, असे उत्तर स्कॉटने १८३० च्या प्रस्तावनेत दिले. थॅकरेचे समाधान झाले नाही. त्याने १८५० मध्ये ‘रिबेका अँड रोवीना’ हे विडंबन लिहून ते लग्न लावून दिले. कसे? रोवीनाला मृत्यू देऊन आणि रिबेकाला ख्रिस्ती करून! छळ, जातिबहिष्कार, प्राणसंकट यांपुढे जी आपल्या धर्मापासून ढळली नाही, तिचा धर्मच लग्नासाठी काढून घेतला. थॅकरे मर्मज्ञ होता. हे जोडपे गंभीरच राहिले आणि फार जगले नाही, अशी पुस्ती त्याने शेवटी जोडली. बक्षिसादाखल मिळालेल्या त्या सुखावर त्याचा स्वतःचाही विश्वास नसावा.

शॉच्या ‘पिग्मॅलियन’चीही तीच गत झाली. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे (१९७५) ही कथा आपणांस घरचीच झाली आहे. १९१४ मध्ये लंडनच्या प्रयोगात प्राध्यापक हिगिन्सची भूमिका करणाऱ्या बीअरबोम ट्री याने शेवटी एलायझाकडे फुले फेकून प्रेक्षकांना प्रणयाची आशा दाखविली. शॉ संतापला. १९१६ च्या छापील आवृत्तीला त्याने उपसंहार जोडला आणि एलायझा फ्रेडीशी लग्न करते, असे बजावले. तरीही १९३८ च्या चित्रपटात आणि १९५६ च्या ‘माय फेअर लेडी’त ती हिगिन्सकडे परत येते, आणि हा गृहस्थ तिला विचारतो काय, तर माझ्या सपाता कुठे आहेत! त्याच सपाता तिने एकदा त्याच्या अंगावर भिरकावल्या होत्या. तो तसूभरही बदलला नाही. वाकली ती एलायझा.

आता आजच्या जोड्यांकडे पाहू. १९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या हॅरी पॉटरच्या सात कादंबऱ्यांतील हर्मायनी आणि ड्रेको ही जोडी या मंडळींची फार लाडकी. हर्मायनीचे आईबाप जादूगार नाहीत. एवढ्यावरून ड्रेको तिचे रक्त मलिन ठरवितो, तिला शिवी देतो. जन्मावरून हिणविणारा आणि हिणविली गेलेली, यांच्यात प्रेम जडू शकेल काय? प्रश्न मोठा आहे, आणि समर्थ लेखणीने तो अवश्य हाती घ्यावा. परंतु पुष्कळांचा ड्रेको पहिल्याच पानावर हळवा झालेला असतो. ती शिवी म्हणजे बालपणीचा खोडकरपणा ठरतो, आणि त्याने पश्चात्ताप करण्यापूर्वीच हर्मायनीची क्षमा तयार असते. जन्माच्या उतरंडीवर उभ्या असलेल्या आपल्या समाजातील वाचकाला तरी ही गोष्ट निरुपद्रवी खेळ वाटू नये. अपमान करणाऱ्याने काहीच मोजायचे नाही आणि अपमानिताने सारे विसरायचे, हा धडा आपल्याकडे कथेवाचूनही पुरेसा गिरविला गेला आहे.

गंमत अशी की, यावरचा उपाय या खेळाच्या नियमांतच आहे. दुसऱ्याच्या पात्राने काय करावे हे आपण लिहायचे नाही. तसे करणे ‘गॉडमॉडिंग’ म्हणून निंद्य मानतात. म्हणजे ड्रेको लिहिणाराला हर्मायनीचे हृदय परस्पर जिंकता येत नाही. तिची लेखणी दुसऱ्या हाती आहे, आणि तो हात नकार देऊ शकतो. एकट्या कादंबरीकाराला ही अडचण कधी भेटत नाही. दोन्ही पात्रे त्याच्याच मुठीत असतात. मग हाती आलेला हा नकार वापरायचा नाही, पहिल्या भेटीआधीच दोघांनी शेवट ठरवून टाकायचा आणि मधली पाने केवळ सजावटीपुरती लिहायची, तर खेळ दोघांनी खेळायचाच कशाला?

आमचे सांगणे इतकेच. जोड्या जुळवा, हव्या तितक्या विजोड जुळवा. मात्र ड्रेकोला त्याच्या शिवीसह आणा, रिबेकाला तिच्या धर्मासह आणा, एलायझाला तिच्या स्वाभिमानासह आणा. मग त्यांचे जमले तर ते प्रेम खरे. आणि नाहीच जमले, तर तीही कथा लिहिण्याची हिंमत ठेवा.