नावेवरची प्लेट कशाची करावी?



जालन्यात बसून नावेविषयी लिहायचे म्हटले की काही जणांना हसू येईल. समुद्र आपल्यापासून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. आपल्याकडे बोलणे चालते ते बियाण्यांचे, मोसंबीचे आणि लोखंडी सळ्यांचे. पण जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून, अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांच्या काठाने गोदावरी वाहते. दुधनेवर धरणे आहेत. आणि जालना शहराच्या उशालाच, कुंडलिकेवर, निजामाच्या राजवटीत बांधलेला घाणेवाडीचा तलाव आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात या शहराने काय सोसले ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. घाणेवाडीतला गाळ लोकांनी वर्गणी काढून उपसला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या रानात नेऊन टाकला, हेही ते सांगतील.

गाळ किती काढला हे ट्रॉल्या मोजून सांगता येते. तलावात किती उरला आहे हे सांगायला मात्र पाण्यावर जावे लागते. त्यासाठी नाव लागते, नावेवर खोलीमापक लागतो, आणि तो बसवायला एक प्लेट लागते. आजचा विषय ही प्लेट. ती कशाची करावी यावर माझे एक मत आहे, आणि ते आपल्या गावातल्या पुष्कळांना आवडणार नाही.

आधी काम समजून घ्या. खोलीमापकाचा संवेदक पाण्यात बुडवलेला असतो. तो खाली आवाजाचा ठोका सोडतो आणि तळावरून परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. तळ ६ मीटर खोल असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाची फक्त ८ पट वेळ. यंत्र ही वेळ मोजून खोली दाखवते. लहान नावेत हा संवेदक एका नळीच्या टोकाला बांधतात, नळी प्लेटला घट्ट करतात आणि प्लेट नावेच्या काठावरून हातभर बाहेर काढतात. त्याच प्लेटवर आतल्या बाजूला यंत्राचा पडदा, होकायंत्र आणि जी.पी.एस.चा डबा बसतो. चार यंत्रे आणि एक प्लेट.

आता समजा, ही प्लेट उन्हाने आणि ओझ्याने बाहेरच्या टोकाला २ सेंटीमीटर वाकली. संवेदक तेवढाच खाली गेला, म्हणून प्रत्येक ठिकाणची खोली २ सेंटीमीटर कमी भरली. बोटाच्या रुंदीएवढी चूक! तिचे काय एवढे? तलाव १०० हेक्टरांचा धरा. १०० हेक्टर म्हणजे १० लाख चौरस मीटर. त्याला ०.०२ ने गुणा. २०,००० घनमीटर गाळ तुम्ही कागदावर नव्याने निर्माण केलात. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत ३ घनमीटर माती मावते असे धरले तर साडेसहा हजारांहून अधिक ट्रॉल्या. डिझेलचा खर्च कोण देणार?

नळी तिरपी झाली तर आणखी गोंधळ. नाव पुढे जाताना पाणी नळीला मागे रेटते आणि प्लेट लवचिक असेल तर नळी कलते. १० अंशांचा कल पडला की ६ मीटरांच्या खोलीला यंत्र सरळ अंतराऐवजी तिरके अंतर मोजू लागते आणि सुमारे ९ सेंटीमीटर जास्त दाखवते. (स्वस्त यंत्रातला आवाज शंकूसारखा पसरत असल्याने ही चूक काहीशी कमी होते, पण तिच्यावर विसंबून राहू नये.)

जालन्यातल्या दहा जणांना विचारा की प्लेट कशाची करू? नऊ जण म्हणतील, "लोखंडी पत्रा घे, तीन मिलीमीटरचा. वेल्डिंग मारून देतो." हे स्वाभाविक आहे. आपले गाव सळ्या लाटणाऱ्या गिरण्यांचे. लोखंड स्वस्त, कापायला आणि जोडायला माणसे हाताशी. मलाही लोखंडाचा अभिमान आहे. पण या कामाला ते नको, आणि गंज हे त्याचे मुख्य कारण नाही. गोड्या पाण्यात रंग लावलेला पत्रा काही वर्षे सहज टिकेल.

मुख्य कारण होकायंत्र. शाळेतले होकायंत्र टेबलावर ठेवा, सुई स्थिर होऊ द्या आणि लोखंडी पत्र्याचा तुकडा हळूहळू जवळ आणा. सुई कधी हलू लागते ते अंतर मोजा. लोखंडी जहाजे बांधू लागल्यावर दर्यावर्द्यांना याच संकटाने गाठले. मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज नाविकाने जहाजावरच्या लोखंडामुळे सुई कशी फसते याचा अभ्यास केला आणि त्याच्या नावाचा लोखंडी दांडा पुढे होकायंत्राशेजारी बसवू लागले. १८३८ मध्ये जॉर्ज एअरी या ज्योतिर्विदाने 'रेनबो' नावाच्या लोखंडी आगबोटीवर प्रयोग केले आणि चुंबक व मऊ लोखंड वापरून ही चूक खोडून काढण्याची रीत बसवली. यातली खोच अशी की चूक ठरावीक नसते. नावेचे तोंड जसे फिरेल तशी ती बदलते. म्हणून "सुई नेहमी पाच अंश चुकते, तेवढे वजा करू" असे म्हणून सुटका होत नाही.

तुम्ही म्हणाल, आता जी.पी.एस. आहे, होकायंत्र हवेच कशाला? जी.पी.एस. तुम्ही कोठे आहात ते चांगले सांगतो. नाव हळू चाललेली असताना तिचे तोंड कोणीकडे आहे हे तो नीट सांगू शकत नाही. तलाव मोजताना या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेषांत जायचे असते, वारा बाजूने ढकलत असतो, आणि तेव्हा तोंड कळणेच महत्त्वाचे. मोबाइलमधली दिशा दाखवणारी सोयही पृथ्वीचे चुंबकत्वच मोजते. तो लोखंडाजवळ ठेवा आणि गंमत पाहा.

"मग स्टेनलेस स्टील घ्या," असे दहावा माणूस म्हणेल. ३०४ क्रमांकाचे स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही आणि गोड्या पाण्यात गंजतही नाही. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ अधिक चांगले. पण येथे एक समजूत दुरुस्त करतो. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टेनलेस उत्तम, असे भांड्यांच्या दुकानात सांगतात. ते खरे नाही. निकेल कमी घातलेल्या स्वस्त जातींनाही चुंबक चिकटत नाही, आणि त्या लवकर डागाळतात. उलट ३०४ चा पत्रा वाकवला किंवा ठोकला तर वाकवलेल्या जागी तो थोडासा चुंबकीय होतो. शिवाय स्टेनलेस लोखंडाइतकेच जड आणि छिद्र पाडायला हट्टी. हातातल्या साध्या ड्रिलने तेथे चार मोठी भोके पाडून पाहा, मग बोलू.

आता मी ज्याच्यासाठी लेखणी उचलली त्या हिशेबाकडे येतो. प्लेट किती वाकेल हे दोन गोष्टींवर ठरते. एक, पदार्थाचा ताठपणा. पुस्तकात त्याला यंगचा गुणांक म्हणतात. लोखंडाचा हा गुणांक २०० धरला तर अ‍ॅल्युमिनियमचा ७०, चांगल्या प्लायवूडचा साधारण ८ आणि अ‍ॅक्रिलिकचा ३. एवढेच पाहिले तर प्लायवूड बिचारे शर्यतीत उभेही राहू नये. पण दुसरी गोष्ट आहे जाडी, आणि ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट.

करा गुणाकार. ३ मिलीमीटर लोखंड : २०० गुणिले २७, म्हणजे ५,४००. ५ मिलीमीटर अ‍ॅल्युमिनियम : ७० गुणिले १२५, म्हणजे ८,७५०. १२ मिलीमीटर प्लायवूड : ८ गुणिले १,७२८, म्हणजे १३,८२४! लाकडी फळी लोखंडी पत्र्यापेक्षा अडीचपट ताठ. वजन पाहा. ६० बाय ४० सेंटीमीटरची प्लेट लोखंडाची केली तर साडेपाच किलोंहून अधिक, अ‍ॅल्युमिनियमची सव्वातीन किलो, प्लायवूडची २ किलो. काठाबाहेर ओझे टांगलेल्या लहान नावेत हा फरक बसणाऱ्याला लगेच जाणवतो.

अ‍ॅक्रिलिक आणि तत्सम प्लॅस्टिक दिसायला सुरेख. अ‍ॅक्रिलिकही जाड घेऊन ताठ करता येते. पण त्यांना आपला मे महिना सोसत नाही. अर्ध्या मीटरची अ‍ॅक्रिलिकची पट्टी ४० अंशांनी तापली की जवळजवळ दीड मिलीमीटर लांबते, अ‍ॅल्युमिनियमची अर्धा मिलीमीटरही नाही. बोल्ट गच्च आवळलेले असतील तर भोकांपासून तडे जातात. पाणी साठवायच्या टाक्या ज्या पॉलिथिनच्या असतात ते तडकत नाही, पण उन्हात ओझ्याखाली सावकाश झुकत राहते. हे झुकणे मला सर्वांत वाईट वाटते. कामाला लागण्यापूर्वी संवेदकाखाली दोरीने एक चकती बरोबर २ मीटरवर सोडून यंत्र तपासतात. सकाळी आठला तपासले, बरोबर भरले. दुपारी दोनला प्लेट दीड सेंटीमीटर खाली आलेली असते आणि वहीत सकाळचीच नोंद असते.

माझे मत म्हणून सांगतो : घाणेवाडीसारख्या गोड्या पाण्यावर, शाळेने किंवा गावाने स्वतः करायच्या प्लेटसाठी १२ मिलीमीटरचे मरीन प्लायवूड घ्यावे. लाकूड म्हणजे जुनाट, असे नाक मुरडणाऱ्यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेकडे पाहावे. तिच्या अंगात लाकडाचा गाभा आणि त्यावर काचतंतूंचे कवच आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

मात्र प्लायवूड घेताना शिक्का पाहा. भारतीय मानक ७१० चे प्लायवूड ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. शिक्क्यावर विश्वास नसेल तर प्रयोगशाळेत एक तुकडा पातेल्यात उकळा. तीन दिवस गॅस जाळू नका, रोज दोन तास पुरे. हलक्या प्लायवूडचे थर त्यातच पोटफुगी झाल्यासारखे सुटू लागतात. प्लायवूडचा खरा शत्रू त्याच्या कडा. पाणी पृष्ठभागातून शिरत नाही, कापलेल्या कडेतून आणि भोकांतून शिरते. म्हणून भोके जरा मोठी पाडा, आतून इपॉक्सी चोपडा, वाळू द्या, मग बोल्ट घाला. ही पायरी गाळली तर दोन पावसाळ्यांत माझे मत खोटे ठरेल आणि दोष मात्र लाकडाला मिळेल.

नळीचा पकडा, म्हणजे पाण्याजवळचा भाग, धातूचाच हवा. तेथे अ‍ॅल्युमिनियम व स्टेनलेसचे बोल्ट चालतील, मध्ये रबरी वायसर घालून. दोन भिन्न धातू ओल्यात एकमेकांना टेकले की विद्युतघट तयार होतो आणि त्यांतला एक झिजतो. १७६१ मध्ये इंग्लंडच्या आरमाराने 'अलार्म' या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, तेही लोखंडी खिळ्यांनी. दोन वर्षांनी पाहतात तो खिळे खाऊन गेलेले. जेथे तांब्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून खिळ्याभोवती राहिला होता, तेवढेच खिळे शाबूत होते. कामगाराच्या आळसाने विज्ञानाची केलेली ही सेवा! तांब्याचा प्रचंड पत्रा आणि इवलासा लोखंडी खिळा, म्हणून झीज भयंकर झाली. आपल्याकडे उलट आहे : झिजणारे अ‍ॅल्युमिनियम मोठे, बोल्ट लहान, आणि पाणी गोडे. धोका थोडा, पण वायसर स्वस्त आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. लोखंड का गंजते हे आपण दरवर्षी विचारतो आणि मुले दरवर्षी तेच उत्तर लिहितात. एकदा पाच तुकडे वर्गात आणा : लोखंड, स्टेनलेस, अ‍ॅल्युमिनियम, अ‍ॅक्रिलिक, प्लायवूड. नावेचे काम समजावून सांगा आणि एक निवडायला लावा, कारणांसह, वजन-ताठपणाचा हिशेब मांडून. उत्तरे वेगवेगळी येतील. खारे पाणी धरणारा मुलगा अ‍ॅल्युमिनियमची ५०८३ ही समुद्राची जात निवडेल आणि तो चूक नसेल. जिच्या घरी सुतारकाम चालते ती मुलगी सागाची फळी सुचवील. मी तिला एवढेच विचारीन की फळी रुंदीच्या दिशेने फुगते-आकसते, त्याचे काय करशील? तिच्याकडे उत्तर असेल तर माझे प्लायवूड मी मागे घेईन.

आणि प्लेट कापताना उजव्या बाजूला १० सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा. पुढच्या वर्षी कोणीतरी पाण्याचे तापमान मोजायचे यंत्र घेऊन येईलच.