विळा आमचा, सर्टिफिकेट कुणाचं?

२०१८ साली सरकारनं ठरवलं, देशात मिडवाइफ घडवायच्या. दीड वर्षाचं शिक्षण. नैसर्गिक बाळंतपण, बाईला मान, कळा येताना सोबतीला कुणीतरी, तिला हवं तसं उठू-बसू द्यायचं. दोस्तहो, मांगवाड्यातली म्हातारी हे कुठल्या कागदावर वाचून करत होती?

सुईण कोण असायची, आठवा. कितीतरी गावांत मांगीण, कुठं महारीण. वाड्यावर रात्री कळा सुरू झाल्या की माणूस धावत वस्तीत यायचा. तेव्हा विटाळ नाही! तेव्हा तिचा हात पाटलिणीच्या पोटावर, पोराच्या डोक्याखाली. नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताची धुणी धुवायची. सोयर फिटली की हीच बाई पुन्हा उंबऱ्याबाहेर. मजुरी सुपभर जोंधळे नि एखादं जुनेर. पोर जगलं तर देवीची कृपा, मेलं तर मांगिणीचा पायगुण.

ह्याला कुणी सेवेची थोर परंपरा म्हणू नये. ही वेठ होती. म्हणून तर १९५० नंतरच्या दशकांत उत्तर प्रदेशात चमार वस्त्यांनी नारा-मवेशी आंदोलन केलं. नारा म्हणजे नाळ, मवेशी म्हणजे ढोर. बायांनी नाळ कापायची सोडली, पुरुषांनी मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. त्यापायी मार खाल्ला.

मग आपल्यातलेच काही विचारतात, आज्यांनी फेकलेलं काम नातींनी परत उचलायचं का? मी म्हणते, उचलायचं. पण जातीनं नाही. पगारावर, नोंदणीवर, केसपेपरवर स्वतःची सही करून. आजीनं वेठ फेकली. विद्या फेकायला ती काही खुळी नव्हती.

विद्याच होती ती. कितीतरी ठिकाणच्या सुइणी वार पडल्याशिवाय नाळ कापत नसत. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते, नाळ बांधायला निदान एक मिनिट थांबा. पोथीत नव्हतं तोवर तो अडाणीपणा, पोथीत आलं की शास्त्र!

पण सुइणीला देव्हाऱ्यातही बसवू नका. मूल आडवं आलं, रक्त थांबेना, झटके आले, तर विळा काही करू शकत नाही. आपल्या वस्त्यांतल्या किती बाया गाडी मिळाली नाही म्हणून बाजेवरच गेल्या. दवाखाना पाहिजेच. खरी मिडवाइफ हीच, जी कळांना घाई करत नाही आणि धोका दिसला की डॉक्टरला हाक मारायला लाजत नाही.

आणि दवाखान्यात तरी काय चाललंय? सरकारी खाटेवर आपली बाई ओरडली की ‘तेव्हा कळलं नाही का’ म्हणून शिव्या, मांडीवर चापट, पोटावर कोपर. खाजगीत सुरी तयारच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगी दवाखान्यांतल्या ४७.४ टक्के बाळंतपणांत सिझेरियन, सरकारीत १४.३. पैसेवाल्या बाईला आता नैसर्गिक बाळंतपणाचं पॅकेज विकत मिळतं. आमच्या बाईला कुणी ‘घाबरू नकोस’ एवढंही म्हणत नाही.

तिथं आमची पोरगी उभी पाहिजे. पण दार बघा. आधी नर्सिंग, मग मिडवाइफ. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत सरकारनं दाईंना शिकवलं. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणं दवाखान्यात न्यायचं धोरण ठरलं आणि दाई मोडीत निघाली. तिच्या नातीकडं नर्सिंगची फी नाही, बारावीला सायन्स नाही.

तेव्हा मोर्चाच्या मागण्यांत हे घाला : वस्तीतल्या पोरींना नर्सिंगची फी, वसतिगृह नि स्कॉलरशिप वेळेवर, मिडवाइफच्या जागा कंत्राटी नकोत, कायम पाहिजेत, राखीव जागांसकट. आणि हयात असलेल्या म्हाताऱ्या सुइणींना मानधन देऊन ह्या वर्गांत शिकवायला बोलवा. झाडलोट करायला नव्हे, खुर्चीवर.