किंमत आणि मूल्य

आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास म्हणजे एकांड्या प्रतिभावंतांची चरित्रे, हे गृहीतक आम्हांस मान्य नाही. १९५० साली मुंबईचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप आणि १९४३ मध्ये स्थापन झालेला कलकत्ता ग्रुप यांनी कलकत्त्यात संयुक्त प्रदर्शन भरवले. दोन्ही संस्था कलावंतांनीच उभारलेल्या. आज लिलावांच्या बोलीतून सूझा, रझा, हुसेन तेवढे ऐकू येतात. मुंबईच्या गटाचे संस्थापक-सदस्य हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे यांची आठवण मराठी समीक्षाही क्वचितच काढते. खपाच्या आकड्यांवरून कादंबरीचे मूल्य ठरत नाही, असे आपण विद्यार्थ्यांना बजावतो. मग चित्रांबाबतच बाजारभावाला समीक्षा का समजावे? समूहाने घडवलेला इतिहास समूहाचा म्हणूनच शिकवला पाहिजे.