वाट्याचे अर्धे कागद



‘आता काही खरे नाही. कलियुग आहे. एकट्याने काय होणार?’ आपल्या सावेडीत हरिपाठ संपल्यावर, टाळ पिशवीत घालता घालता हे वाक्य अगदी सहज बोलले जाते. कॉलनीतल्या मोकळ्या जागेत कचरा साठला, हेच वाक्य. शेजारचा पोरगा दारूला लागला, हेच वाक्य. ऐकणारा मान डोलावतो, ‘पांडुरंगाची इच्छा’ म्हणतो आणि दोघे आपापल्या घरी जातात. माझे भांडण या वाक्याशी आहे. ऐकायला ते वैराग्यासारखे वाटते, आणि म्हणूनच ते आपल्यात टिकले. एखादा नास्तिक असे बोलला असता तर आपण त्याला निराशावादी म्हटले असते. गळ्यात माळ असलेला बोलला की त्याला आपण ज्ञानी म्हणतो.

एक गोष्ट आठवून पाहा. त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला जाताना आपल्या नगरवरून जाते. त्या दिवशी याच घरांतून चहाची पातेली बाहेर येतात. कोणी दुखरे पाय चोळतो, कोणी गोळ्या-मलम घेऊन बसतो. त्या वेळी कोणीही विचारत नाही की माझ्या एका किटलीने किती वारकऱ्यांचा शीण जाणार. प्रेरणा कुठून आणू, असेही कोणी म्हणत नाही. समोर दमलेला माणूस दिसतो आणि हात चालू लागतो. म्हणजे हातांना काम येते, मनाला दया येते. मग पालखी पुढच्या मुक्कामाला गेली की दुसऱ्या दिवशी एकाएकी कलियुग कसे सुरू होते?

यावर जाणकारांचे उत्तर ठरलेले आहे. नाम हेच साधन, बाकी सारी उपाधी. समाजकार्याने अहंकार वाढतो. अहंकार वाढतो हे खरे. पण तो टाळ वाजवतानाही वाढतो. सप्ताहाच्या फ्लेक्सवर कोणाचे नाव किती मोठ्या अक्षरात, यावरून झालेले रुसवे तुम्हीही पाहिले असतील. त्या भीतीने कोणी सप्ताह बंद केला नाही. मग अहंकाराची भीती फक्त दुसऱ्याच्या कामाला जायची वेळ आली की का आठवते?

तुकोबारायांचे चरित्र आपण सगळे जाणतो, पण त्यातली एक गोष्ट कीर्तनात घाईने उरकली जाते. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. घरातली पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बसला. घराण्याची सावकारी होती, लोकांकडून येणे होते आणि त्याची खते घरात होती. ती इंद्रायणीत बुडवायची असे तुकोबांनी ठरवले. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, तुम्ही विरक्त, मला संसार आहे. तुकोबांनी त्यांना उपदेश केला नाही. कागदांचे दोन वाटे केले, अर्धे कान्होबांना दिले आणि आपल्या वाट्याचे अर्धे इंद्रायणीत सोडले.

या अर्ध्या कागदांपाशी थोडे थांबू या. त्यांनी दुष्काळ हटला नाही. पंचक्रोशीतले बाकीचे सावकार सुधारले नाहीत. घरातला सख्खा भाऊसुद्धा सोबत आला नाही. ‘आधी सगळे तयार होऊ द्या, मग मी करतो’ असे म्हणण्याचा हक्क कोणाला असेल तर तो त्या दिवशी तुकोबांना होता. त्यांनी तो वापरला नाही. आणि ज्यांची खते त्या अर्ध्यात होती, त्या घरांच्या मानेवरचे जू त्या दिवशी उतरले. त्यांच्यासाठी ती गोष्ट अर्धी नव्हती. एकट्याने काय होणार याचे उत्तर त्या घरांना विचारा.

आता आपल्या दाराशी येऊ. कान्होपात्रेचे अभंग आपण गातो. मंगळवेढ्याच्या गणिकेची ती मुलगी. तिने पंढरीला आसरा मागितला, तो तिला मिळाला. तिच्या नावाच्या झाडाला देवळात आपण हात जोडतो. पण याच नगर शहरात देहविक्रयाच्या वस्तीत जन्मलेली मुले रस्त्यावर वाढत होती, तेव्हा त्यांना कोणी कान्होपात्रेची भावंडे म्हटले? 1989 मध्ये गिरीश कुलकर्णी या तरुणाने त्या मुलांना जवळ केले आणि स्नेहालय उभे राहिले. आज सावेडीहून मनमाड रस्त्याने नागापूरच्या एमआयडीसीत गेलात की त्याचे आवार लागते. किती अंतर? पंढरपूरपर्यंत पायी चालणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारू नये.

त्याच रस्त्याने पुढे शिंगवे नाईक. तिथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने रस्त्यावर टाकून दिलेल्या, मनाचा तोल गेलेल्या स्त्रियांना घर दिले. सुरुवात रस्त्यावरच्या भुकेल्यांना घरून डबे नेण्यापासून झाली. पुढे जे उभे राहिले त्याला त्यांनी नाव दिले माउली. आपण दिवसातून पन्नास वेळा एकमेकांना माउली म्हणतो. ज्या बाईला स्वतःचे नाव सांगता येत नाही, अंगाला वास येतो म्हणून जिच्यापासून आपण चार पावले लांबून जातो, तिच्या दारावर हा शब्द लिहायला दोन डॉक्टर पुढे आले. शब्द आपला होता. मला याचे वाईट वाटते, आणि तुम्हालाही वाटावे म्हणूनच हे लिहितो आहे.

काही जण म्हणतील, आम्ही हिवरे बाजार पाहून आलो. चांगले केले. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते गाव आपल्या दुष्काळी तालुक्यातले एक सामान्य गाव होते. श्रमदानाने पाणी अडवले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरले, आणि पाऊस किती झाला त्याचा हिशेब मांडून पिके ठरू लागली. पण तिथून येताना आपण काय आणले? फोटो आणले. घरी येऊन मुळा धरणातून उपसून आणलेल्या पाण्याने पाइप लावून गाडी धुतली. प्रेरणा ही प्रसादाच्या पुडीसारखी बांधून आणता येत नाही. त्या गावकऱ्यांनाही ती टिकाव-फावडे हातात घेतल्यावर, पहिला बांध भरल्यावर आली असणार. आधी उत्साह येईल आणि मग काम करू, असे म्हणणारा माणूस पोहायला आल्याशिवाय पाण्यात न उतरणाऱ्यासारखा आहे. वारीतही पहिल्या दिवशी पाय दुखतात. चालण्याचा आनंद दोन मुक्कामांनंतर लागतो, हे तुम्ही मला शिकवावे इतके तुम्हाला माहीत आहे.

आपल्या जिल्ह्याला आता अहिल्याबाईंचे नाव लागले. चौंडीच्या या लेकीने 1754 मध्ये पती गमावला, 1766 मध्ये सासरे, 1767 मध्ये एकुलता एक मुलगा. घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या बहुतेक त्यानंतर. नावाच्या पाटीचा अभिमान जरूर धरा, पण मन लागत नाही ही सबब या जिल्ह्यात तरी सांगू नका.

आणि नेवासे आपल्याच जिल्ह्यात. तिथे शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली. शेवटी माउलींनी जे मागितले त्यात स्वतःसाठी काहीच नाही; दुष्टांचा नाशही नाही, फक्त त्यांचा वाकडेपणा जावा एवढे आहे. ज्या भावंडांना समाजाने वाळीत टाकले, त्यांच्यातल्या एकाने हे मागावे! आपण ते रोज म्हणतो, आणि उठून म्हणतो की काही खरे नाही. दोन्हीपैकी एक काहीतरी आपण मनापासून म्हणत नाही.

मोठे काही मागत नाही. आपल्या हरिपाठ मंडळांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत हिशेब सांभाळलेले आहेत, परिचारिका आहेत, उत्तम शिवणकाम करणाऱ्या मावशी आहेत. मंडळाने एक काम धरावे, एकच. वर्गणीची पावती फाडून मोकळे व्हायचे काम नको. आठवड्याला दोन तास स्वतः जाऊन करायचे हवे. संस्थेत जायचे तर आधी त्यांना विचारून, त्यांना काय हवे ते ऐकून जावे. जुने कपडे देऊन आपले कपाट रिकामे करणे याला सेवा म्हणू नये.

येत्या एकादशीला हरिपाठानंतर कोणी ‘एकट्याने काय होणार’ म्हणाले, तर वाद घालू नका. फक्त विचारा, ‘माउली, रविवारी सकाळी मी नागापूरला जातोय, गाडीवर मागची जागा रिकामी आहे, येता का?’ नाही म्हणाले तर त्यांचा वाटा त्यांच्यापाशी ठेवा आणि गाडी सुरू करा.