कॅमेरा नवा कीं भिंग नवें?

स्नेहसंमेलनांत रंगमंचावर नाचणारीं मुलें छायाचित्रांत पुसट उमटलीं, कीं नवा कॅमेरा घ्यावा, अशी मागणी होते. आमच्या मतें ती मागणी चुकीची आहे. दोष बहुधा भिंगाचा असतो.

अनेक डिजिटल कॅमेऱ्यांसोबत येणारें १८-५५ मि.मी.चें साधें झूम भिंग ५५ वर नेलें असतां त्याचें छिद्र एफ/५.६ हून मोठें होत नाहीं. एफ/२.८ चें भिंग तेथें चौपट प्रकाश आंत घेतें. ज्या उजेडांत साध्या भिंगास १/३० सेकंद लागतो, त्यांत यास सुमारें १/१२५ सेकंद पुरतो. तेवढ्यांत वळणारा चेहरा स्थिर मिळतो. भिंगांतील कंपनिरोधक योजना आपला हात सांवरते, नाचणाऱ्याचे पाय नव्हेत.

५० मि.मी.चें एफ/१.८ भिंग स्वस्त पडेल, असें कोणी म्हणेल. तें खरें, परंतु पुढच्या रांगेंतून त्यांत एक चेहरा मावतो, सारा वृंद नाहीं. सिग्मानें २०२१ सालीं काढलेलें मिररलेस कॅमेऱ्यांचें १८-५० मि.मी. एफ/२.८ भिंग सुमारें २९० ग्रॅमचें आहे; विद्यार्थ्यासही तें सहज पेलेल. मात्र तें आपल्या कॅमेऱ्यास बसतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

कॅमेरा लौकर जुना ठरतो. चांगलें भिंग पुढच्या कॅमेऱ्यासही उपयोगी पडतें. वर्षांतून एकदांच रंगमंचावर येणाऱ्या मुलाचा चेहरा स्पष्ट उमटावा, एवढ्यासाठीं तरी पैसा प्रथम भिंगावर खर्च व्हावा, अशी आमची नम्र सूचना आहे.